संग्रहालयाची पहिली वस्तू

आमच्या घराण्यानं देव, दैत्य, भूत, पिशाच्च, नवस, अंगारा आणि ताईत या सगळ्यांना एकोणीसशे छप्पन साली, चांद्याच्या मैदानावर, दीक्षा घेऊन, एकाच दिवशी कायमची रजा दिली. वडील त्या गर्दीत उभे होते आणि मी त्यांच्या खांद्यावर होतो. तेव्हापासून आमच्यापैकी कुणी दाराला लिंबू टांगलेलं नाही, मांजर आडवं गेलं म्हणून थांबलेलं नाही, पोराची दृष्ट काढलेली नाही. या परंपरेला माझ्या हातून एकच अपवाद घडला. तोही एका संध्याकाळपुरता, सावली गाव ते मूल गाव या रस्त्यावर. आणि त्या दिवशी ऊन फार होतं.

मी चंद्रपुरात, म्हणजे त्याच जुन्या चांद्यात, एका कॉलेजात इतिहास शिकवतो. अठ्ठ्याण्णवच्या उन्हाळ्यात मी आणखी एक काम करत होतो. 'नियोजित लोकसंस्कृती संग्रहालया'चा मी मानद सचिव होतो. त्या नावातला सगळ्यात खरा शब्द 'नियोजित'. आमच्या कॉलनीच्या तोंडाशी असलेली एक रिकामी खोली आम्हाला मिळाली होती. तिला कुलूप होतं, पाटी होती, अध्यक्ष होते, उपाध्यक्ष होते. वस्तू नव्हती. एक गोंडकालीन तलवार होती, पण झाडीपट्टीतल्या एका नाटक कंपनीचा माणूस आला आणि 'ही आमची दुसऱ्या अंकातली' म्हणून घेऊन गेला. मग भिंतीवर उरला कार्यकारिणीचा ग्रूप फोटो.

त्या खोलीवर हिवताप खात्याचाही डोळा होता. त्यांना डीडीटीची पोती ठेवायला जागा हवी होती. शेवटी असं ठरलं की जून उजाडेपर्यंत संग्रहालयात दाखवण्याजोगी एक तरी वस्तू आली तर खोली आमची, नाहीतर डीडीटीची. माझ्या हयातीतलं एकमेव सांस्कृतिक कार्य एका पावडरीसमोर हात बांधून उभं होतं.

इकडे घरात माझ्या बायकोला, रश्मीला, सुट्टीत म्हैसूर हवं होतं. ती शाळेत विज्ञान शिकवते आणि मोजकं बोलते.

"म्हैसूरला राजवाडा आहे, म्युझियम आहे, डोंगर आहे," ती म्हणाली.

"आपल्या दोन जिल्ह्यांत हे तिन्ही आहे," मी म्हणालो. "किल्ले आहेत, जमीनदारांचे वाडे आहेत, डोंगर तर मोजायला नकोत. माणसं जयपूरला जातात आणि बल्लारपूरचा किल्ला रेल्वेच्या खिडकीतून बघतात. मी तुला असा प्रवास घडवतो की म्हैसूरचं नाव काढणार नाहीस."

"आणि काढलं तर?"

"तर पुढच्या उन्हाळ्यात म्हैसूर. तुझ्या बहिणीसोबत. भाऊजींसह."

भाऊजी प्रत्येक ऐतिहासिक वास्तूपुढं उभे राहून 'याला आता सिमेंट किती लागेल' याचा अंदाज सांगतात. ते कोरपन्याकडच्या सिमेंट कारखान्यात आहेत. म्हणजे बघा, मी काय पणाला लावलं होतं.

आमची फियाट घेऊन आम्ही निघालो. राजवाड्यापासून सुरुवात केली. तो एका जुन्या जमीनदाराचा होता, नाव सांगत नाही. दरबारात शेळ्या होत्या. सिंहासनाच्या जागी जी होती ती उठली नाही. मग म्युझियम. तेही एका गावातलं, लहानसं. किल्ली ज्याच्याकडे तो तेंदूपत्ता तोडायला जंगलात गेला होता आणि हंगाम संपल्याशिवाय येणार नव्हता. आम्ही खिडकीच्या जाळीतून आत पाहिलं. आत काहीतरी होतं. ते काय होतं हे सांगणारी चिठ्ठी त्याच्या दुसऱ्या बाजूला होती.

त्या संध्याकाळी रेस्ट हाउसच्या चौकीदारानं दोन मच्छरदाण्या आणून दिल्या. रश्मीनं आपली लावली. मी माझी गुंडाळून उशाशी घेतली.

"मी चांद्याचा आहे," मी म्हणालो. "इथले डास मला ओळखतात."

"म्हैसूरला डास नसतात," मच्छरदाणीतून आवाज आला.

आता उरला डोंगर. चामोर्शीच्या बाजूला जंगलात एक टेकडी आहे. वर पडक्या तटाचे दगड आणि एक हिरव्या पाण्याचं टाकं. पायथ्याच्या गावातला मुखरू नावाचा म्हातारा वाट दाखवायला आला. त्याला मुलीकडे गडचिरोलीला जायचं होतं. परतताना त्याला गाडीतून न्यायचं कबूल झालं. चढताना तो सारखा बोलत होता. हे बिब्याचं झाड, ते चाराचं, तिकडं अस्वल बसते, माह्या आज्यानं इथीच वाघ पाह्यला. वर पोचवून तो आधी खाली निघाला.

जाताना म्हणाला, "आलेल्या वाटेनंच उतरा जी. त्या मोहाच्या झाडाकडून नका येऊ."

"काऊन?" मी विचारलं.

"तिकडून नाई येत कोणी."

"पण काऊन?"

"नाई येत," मुखरू म्हणाला आणि इतका वेळ बडबडणारा तो माणूस एकदम गप्प होऊन उतरू लागला.

इतिहासाच्या माणसाला 'तिकडून कोणी येत नाही' असं सांगणं म्हणजे पोराला 'बरणीत लाडू नाहीत' असं सांगणं. आम्ही मोहाच्या झाडाकडून उतरलो.

मे महिन्यातली दुपार आमच्याकडे कशी असते हे बाहेरच्याला सांगून कळत नाही. रात्री माणूस घाबरतो तर निदान कंदील लावता येतो. दुपारी काय लावणार? सागाला पान नाही, सावलीला जागा नाही. पाखरू बोलत नाही. पायाखाली पाचोळा वाजतो आणि आपण थांबलो की आपल्यामागं तो किंचित उशिरा थांबतो. मी दोनदा मागं पाहिलं. रश्मी माझ्या पुढं होती.

"तू पाहिलंस का काही?"

"काय?"

"काही नाही," मी म्हणालो.

मोहाचं झाड वाटेच्या वळणावर होतं. त्याच्या आसपास गवत तुडवलेलं नव्हतं, गुराची वाट नव्हती, एकही मोहफूल वेचलेलं नव्हतं. सुकून काळी पडलेली फुलं तशीच पसरली होती. ज्या मुलखात एका मोहफुलासाठी दोन घरं वर्षभर बोलत नाहीत, तिथं. आणि बुंध्याशी, जंगलाकडे पाठ करून, एक गाडी उभी होती.

हातभर लांबीची लाकडी गाडी. भरीव चाकं, कोरलेलं जू, साटीवर नक्षी. आत एक लाकडाची बाई बसलेली. तिला नाक होतं, तोंड होतं, डोळे नव्हते. डोळ्यांच्या जागी नुसता शेंदूर. भोवती फुटलेल्या बांगड्या, एक केरसुणी, एक फाटकं सूप.

माझं काय झालं ते लिहिता येत नाही. डीडीटीची पोती माझ्या डोळ्यांसमोर एकेक करून खोलीबाहेर जाऊ लागली.

"रश्मी," मी कुजबुजलो, "पहिली वस्तू."

"कुणाची आहे?"

"कुणाचीच नाही. बघ, किती महिन्यांची पडून आहे. वाळवी लागेल."

"कुणाचीच नाही तर कुणी नेली का नाही?"

हा विज्ञानाच्या शिक्षिकेचा प्रश्न होता आणि चांगला होता. मी तो ऐकला नाही. वस्तू सापडली त्या स्थितीत उचलायची, झटकायची नाही, पुसायची नाही, हे संग्रहशास्त्राचं पहिलं तत्त्व मला पाठ होतं. केरसुणी, सूप, बांगड्या, सगळ्यासकट मी ती छातीशी धरून फियाटपर्यंत आणली आणि वरच्या कॅरियरला दोरीनं बांधली. बाईचं तोंड मागं, जंगलाकडे होतं. ते मला नक्की आठवतं, कारण मी आत बसताना ती जंगलाकडे बघत होती, असं वाटलं. डोळे नसताना.

पायथ्याच्या गावात सकाळी आम्हाला पोरांनी गराडा घातला होता. आता गल्लीत कुणी नव्हतं. दारं लावलेली. मुखरू मात्र गाठोडं घेऊन पिंपळाखाली उभा होता. आमची गाडी दिसताच तो हसत पुढं आला, मग त्याची नजर वर गेली, आणि हसू तोंडावर तसंच राहून मागं सरकू लागला.

"या मुखरू भाऊ, बसा," मी दार उघडलं.

"मी पायदल जातो जी."

"गडचिरोलीला? पायदल?"

"पाय मोकळे होतेत."

"अहो, ऊन पाहा."

"ऊन बरं असते," म्हणत तो घराच्या भिंतीला घासत घासत नाहीसा झाला.

रेडिएटरमध्ये पाणी घालायचं होतं. रश्मी डबा घेऊन हँडपंपावर गेली. तिथं एक बाई होती, अन्नपूर्णा नावाची. सकाळी तिनंच आम्हाला ताक दिलं होतं. दोघी काहीतरी बोलल्या. रश्मी परत आली ती डोक्यावरून पदर घेऊन.

"ऊन लागलं का?" मी विचारलं.

तिनं माझ्याकडे बराच वेळ पाहिलं. "चला," म्हणाली.

गाडी सुरू केली आणि दारं उघडली. एकही शब्द न बोलता माणसं बाहेर आली. बायका ओट्यावर उभ्या राहिल्या, आमच्याकडे पाठ करून. पुरुष रस्त्यावर आले, हातात कडुनिंबाचे डहाळे घेऊन, आणि आमच्या पुढं चालू लागले. हॉर्न वाजवायची माझी हिंमत झाली नाही. अनवाणी पावलं, फियाटचं पहिल्या गिअरमधलं कण्हणं, बाकी आवाज नाही. गावाबाहेर एक दगड होता. तिथं ती सगळी माणसं, कुणी सांगितल्यासारखी, एकदम दोन बाजूंना झाली. आम्ही मधून गेलो. मी आरशात पाहिलं. ती परत चालली होती आणि एकानंही मागं वळून पाहिलं नाही.

"आदिवासी भागातलं अगत्य," मी म्हणालो. "पाहुण्याला शिवेपर्यंत पोचवतात. याच्यावर लिहायला पाहिजे."

रश्मीनं पदर आणखी पुढं ओढला.

दुसऱ्या गावातही तेच. फक्त इथं आम्ही येण्याआधीच माणसं रस्त्यावर उभी होती. एका झाडाखाली चहाची टपरी दिसली म्हणून मी थांबलो. टपरीवाल्यानं दोन कप ओट्याच्या काठावर ठेवले आणि स्वतः टपरीच्या मागं गेला. चहा संपेपर्यंत तो आला नाही. "किती झाले?" मी ओरडलो. टपरीमागून आवाज आला, "जा ना जी तुमी."

गाडीकडे येताना मी वर पाहिलं आणि जागीच थांबलो.

बाईचं तोंड पुढं होतं. रस्त्याकडे.

"रश्मी, ही मागं बघत होती ना?"

"होती."

"मग?"

"खड्डे फार आहेत," ती म्हणाली. आणि गाडीवर आता दोन केरसुण्या होत्या. एक मूठ तांदूळ, एक लिंबू आणि नवीन हिरव्या बांगड्यांचा झुबका होता. यातलं काहीही खड्ड्यांनी येत नाही.

पुढच्या प्रत्येक गावात हेच. आम्ही पोचायच्या आधी गाव तयार. दारं बंद, डहाळे हातात, बायकांच्या पाठी रस्त्याकडे. या मुलखात लग्नाची पत्रिका महिनाभर आधी टाकली तरी माणसं वेळेवर येत नाहीत. आमची खबर आमच्या पुढं कशी पळत होती? मग मला एसटीडी बूथ दिसला. आत एक माणूस फोनवर बोलत होता. आमची गाडी दिसताच त्यानं फोनमध्ये दोन शब्द म्हटले आणि काचेकडे पाठ केली.

गडचिरोलीच्या चौकात तर हवालदारानं चारी बाजूंची वाहनं थांबवली आणि आम्हाला हात केला. एसटीची बससुद्धा थांबली. आत बसलेल्या सगळ्यांनी एकाच वेळी दुसऱ्या बाजूच्या खिडकीकडे तोंड केलं. एरवी त्या चौकात मी स्वतःच्या गाडीपेक्षा पायी लवकर पोचतो.

वैनगंगेच्या पुलावर शिरलो तेव्हा उन्हं कलली होती. नदीत पाणी नव्हतं, नुसती वाळू, पांढरी आणि रिकामी. पुलाच्या मध्यावर मला तो आवाज पहिल्यांदा ऐकू आला. डोक्यावर. टपावर कुणीतरी नखांनी ओरबाडत होतं. खर्र. खर्र. थांबलं. पुन्हा खर्र.

मी वेग कमी केला. आवाज थांबला. मी वेग वाढवला. खर्र.

"दोरी घासत असेल," मी म्हणालो.

"दोरीला नखं नसतात," रश्मी म्हणाली.

पूल ओलांडला. आता आम्ही आमच्या जिल्ह्यात होतो. मागं वळून पाहिलं तर पलीकडच्या काठावर ही गर्दी उभी होती. त्या दिवसभरात मी पहिल्यांदाच ऐकलं की तिकडची माणसं हसताहेत.

सावलीच्या अलीकडे मागचं चाक बसलं. कसंबसं गावाच्या तोंडाशी आणलं. तिथं नूर मोहम्मद यांचं पंक्चरचं दुकान आहे. माझं त्यांच्याकडे नेहमीचं जाणं. एरवी ते आधी चहा मागवतात, मग सरकारवर बोलतात, मग जिशान नावाच्या पुतण्यावर बोलतात, आणि मग चाकाकडे बघतात. त्या दिवशी मी उतरायच्या आत जॅक लागला होता. चाक निघालं, जुळलं, बसलं. मी इतकं वेगानं केलेलं काम आमच्या राज्यात पाहिलेलं नाही. आणि हे सगळं त्यांनी मान खाली घालून केलं, वर एकदाही न बघता.

"नूर भाई," मी म्हणालो, "तुम्हीसुद्धा? हा काय प्रकार आहे?"

"मले काय विचारता सर. मी मुसलमान आदमी. आमच्यात हे नाई."

"मग वर का बघत नाही?"

"दुकान इथीच आहे ना," ते म्हणाले. "गिऱ्हाइकं याच गावचे. उद्या कोणाच्या पोराले ताप आला तर म्हणतीन, नूरभाईनं गाडी रोकून धरली." मग त्यांनी आवाज खाली आणला. "तुमाले खरंच माईत नाई, सर? मरीमायची गाडी हाय ते. गावात रोग आला का तिले बसवतेत, शिवेपातूर नेऊन सोडतेत. मंग समोरच्या गावानं तिच्या समोरच्या शिवेले नेऊन सोडाची. असं करत करत ते अंदरून आली. पण डोंगराच्या इकडच्या गावानं घेतलीच नाई. होळीपासून तिथीच बसली होती, मोहाखाली. इकडे पूरी लाइन तयार, पण पहिलं हात कोण लावन? गडचिरोलीवाले वाट पाहून राह्यले होते."

"कशाची?"

"शिकलेल्या मानसाची," नूर मोहम्मद म्हणाले.

मी फियाटच्या बॉनेटला टेकलो. ते गरम होतं, पण मला त्यावेळी ते आधारासारखं वाटलं. "आणि ती बाहुली? ती तोंड फिरवते."

"ते थोडीच फिरवते. तुमी थांबले का गावातले फिरवतेत. तिनं मागं पाहू नये म्हणून."

मी रश्मीकडे वळलो. तिच्या चेहऱ्यावर आश्चर्य नव्हतं.

"तुला माहीत होतं?"

"हँडपंपावर अन्नपूर्णाबाईंनी सांगितलं."

"मग बोलली का नाहीस?"

"मागच्या वर्षी तुम्ही यावर व्याख्यान दिलं होतं," रश्मी म्हणाली. "'सीमाविधी आणि ग्रामदैवत.' मी पहिल्या रांगेत होते. मला वाटलं, तुम्हाला माहीत असेल."

नूर मोहम्मद यांनी पान्याचा आवाज उगाच मोठा केला.

सावली ते मूल. आता तो रस्ता. दोन्ही बाजूंना धानाची रिकामी शेतं, भेगाळलेली. सूर्य मावळतीला, लाल आणि मोठा, धुळीत अडकलेला. समोरून एक वाहन येईना. मी मनातल्या मनात सगळं म्हणून पाहिलं: रोग जंतूंनी होतो, जंतू पाण्यातून येतात, बाहुली लाकडाची आहे, मी एम.ए. आहे. एकेक वाक्य पटत होतं. आणि डोक्यावर खर्र. खर्र. आता जोरात. दिवसभर वेगवेगळ्या गावांनी आपापला ताप, हगवण, खोकला, गोवर माझ्या टपावर रचला होता आणि तो आता आत यायची वाट शोधत होता.

मी गाडी थांबवली. उतरलो. रस्त्यावर फक्त आम्ही, ती भेगाळलेली शेतं आणि ती बिनडोळ्यांची बाई, पुढं बघणारी. केरसुण्यांचा भारा तिच्यामागं उभा, जणू दरबार. माझ्या वडिलांनी छप्पन साली जे सोडलं ते सगळं त्या क्षणी माझ्याकडे परत आलं. मी हात जोडले. कुणी विचारलं तर मी नाकारीन, पण मी हात जोडले आणि म्हणालो, "माय, चूक झाली. आम्हाला तेवढं घरी जाऊ दे."

केरसुण्या हलल्या. सूप आपोआप वर उचललं गेलं. त्याखालून एक काळं डोकं बाहेर आलं, एक पिवळा डोळा माझ्यावर रोखला गेला, आणि मी रस्त्यावर बसलो.

खिडकीतून रश्मीनं डोकं बाहेर काढलं. "माय नाही," ती म्हणाली. "कोंबडी आहे. पुलाआधीच्या गावात कुणीतरी बांधली असेल."

मी उठलो, पँट झटकली. "मला कल्पना होती," म्हणालो.

"हो का. मग हात कुणाला जोडले?"

कोंबडी मागच्या सीटवर आली. पुढचा रस्ता ती आणि रश्मी, दोघीही माझ्या मानेकडे बघत होत्या.

मूल जवळ आल्यावर मी ठरवलं की पुरे झालं. गावाच्या शिवेवर मरीमायची गाडी हळूच उतरवायची आणि निघायचं. संग्रहालय गेलं खड्ड्यात. पण शिवेवर अख्खं मूल गाव उभं होतं. बाजारातले दुकानदार, राइस मिलचे हमाल, रिक्षावाले, आणि सगळ्यांच्या पुढं एक तरुण, हातात डहाळा, चेहऱ्यावर नम्र हसू.

"नमस्कार सर. ओळखलं? मी पत्रू. बी.ए. भाग दोन. आता राइस मिलमध्ये क्लार्क आहे."

"पत्रू, बाबा, बरं झालं भेटलास. हे जरा इथं उतरवायचं आहे."

"इथी नाई सर. समोर."

"समोर कुठं?"

"चांद्याले. तुमचं घर तिथंच हाय ना. तुमीच शिकवलं सर, शिवेवर आली का जबाबदारी समोरच्या गावाची. पेपरात हाच प्रश्न आला होता. मले पासष्ट पडले होते." तो बाजूला झाला. गर्दी दोन बाजूंना झाली. "चला सर, उजेड हाय तेवढ्यात."

शिकवलेलं असं कधी माझ्यावर उलटलं नव्हतं. बहुतेकांना ते आठवतच नाही.

चंद्रपूरला पोचलो. लाकडी गाडी संग्रहालयाच्या खोलीत ठेवली, कुलूप लावलं. सकाळी कार्यकारिणी आली. सगळे शिकलेले. आधी प्रत्येकजण वाकून नक्षी बघे आणि 'अप्रतिम' म्हणे. मग मी ती कशी मिळाली ते सांगितलं. मी सांगायला नको होतं, पण मला वाटलं, ही आपली माणसं.

"माझा अर्थात विश्वास नाही," अध्यक्ष म्हणाले आणि दोन पावलं मागं गेले. ते निवृत्त इंजिनियर. "पण माझ्या सुनेला दिवस गेलेत."

"माझाही नाही," उपाध्यक्ष म्हणाले. "पण आई जुन्या वळणाची आहे."

"शास्त्रीय दृष्ट्या काहीच नाही," कोषाध्यक्ष म्हणाले. ते होमिओपॅथ. "पण खोली कॉलनीच्या तोंडाशी आहे ना. जरा पलीकडे असती तर..."

मी लढलो. मी म्हणालो, ही खोली वाचवायला एवढीच वस्तू आहे. मी म्हणालो, इतिहास आपल्याला माफ करणार नाही. ते सगळे सहमत होते. दुसऱ्या दिवशी सकाळी कुलूप जागेवर होतं, खिडकीचे गज वाकलेले होते आणि खोली रिकामी होती.

मरीमायची गाडी आमच्या कॉलनीतून शिक्षक कॉलनीच्या कोपऱ्यावर गेली होती. त्यांनी ती बँक कॉलनीला दिली. बँक कॉलनीनं वकिलांच्या वस्तीला. माझ्या माहितीप्रमाणे तिला हात लावणाऱ्यांत एकही माणूस ग्रॅज्युएट नसलेला नव्हता. आठवडाभरानं ती रेल्वे यार्डात एका कोळशाच्या वाघिणीवर दिसली, तोंड दक्षिणेकडे करून. तिथून पुढं तो आंध्राचा प्रश्न.

जून उजाडला. आमच्याकडे दाखवायला ग्रूप फोटो होता. खोली हिवताप खात्याला गेली, पाटी निघाली, आत डीडीटीची पोती रचली गेली. कोंबडी आमच्या परसात राहिली. ती रोज अंडं देते आणि संग्रहालयाचं म्हणाल तर तेवढंच चालू आहे.

"म्हैसूर," रश्मी म्हणाली. मी भाऊजींना पत्र टाकलं.

माणसं अजून विचारतात, सर, इतक्या गावांचा रोग तुम्ही डोक्यावरून वाहून आणलात, काही झालं का? मी खरं तेच सांगतो. त्या पावसाळ्यात आमच्या अख्ख्या वॉर्डात फवारणी झाली, घरोघरी रक्ताचे नमुने घेतले, आणि हिवतापाचा एकच रोगी सापडला.

तो मी. मच्छरदाणी उशाशी घेतली होती.